डिस्क विकावी की कोड? शेंद्र्याच्या दुकानदाराचा सवाल

शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे छोटेसे दुकान चालविणाऱ्या एका तरुण बंधूने गेल्या महिन्यात आम्हास एक प्रश्न विचारला. त्याच्याजवळ चाळीस हजार रुपये साठले आहेत. त्यातील निम्मे मामूकडून उसने आणलेले. या रकमेत प्लेस्टेशनच्या खेळांच्या डिस्क भरून ठेवाव्यात, की डिस्कचा नाद सोडून नुसते डिजिटल कोड आणि अकाउंट विकावेत? सवाल वरकरणी पोरखेळाचा वाटतो. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा सवाल व्हिडिओ गेमचा नसून विक्री कशाला म्हणावे याचा आहे. म्हणून या पानावर त्याचे उत्तर देत आहोत.

शेंद्रा आता केवळ जालना रोडवरचे एक गाव राहिलेले नाही. येथे मोटारीचे कारखाने आले, दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ऑरिक हे नवे औद्योगिक शहर आले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या ऑरिक हॉलचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. तीन पाळ्यांत राबणारी परगावची तरुण मुले आसपासच्या गावांत खोल्या करून राहतात. सुटीच्या दिवशी त्यांना विरंगुळा हवा असतो. कुणी दोघे-तिघे मिळून जुने प्लेस्टेशन घेतात, कुणी मोबाईलवर खेळतात. गिऱ्हाईक आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याच्या हाती काय द्यायचे याचा.

ज्यांचे बालपण नव्वदीच्या दशकात गेले त्यांना ती प्लॅस्टिकची चौकोनी ‘कॅसेट’ आठवत असेल. टीव्हीला जोडायच्या यंत्रात ती खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. मारिओ, कॉन्ट्रा असे खेळ त्यात असत. एका गल्लीत एकाने कॅसेट घेतली की ती दहा घरे फिरत असे. कंटाळा आला की दुकानदाराला वर थोडे पैसे देऊन ती बदलून मिळे. त्यातील बऱ्याच कॅसेटी नकली होत्या, हेही खरे. पण तेथे व्यवहार उघड होता. पैसे दिले, वस्तू हातात आली, आता ती माझी. ठेवीन, देईन, विकीन.

डिजिटल व्यवहारात असे होत नाही. तेथे गिऱ्हाईक ‘खरेदी करा’ असे लिहिलेले बटण दाबते, पैसे कापले जातात आणि खेळ यंत्रात उतरतो. मात्र करारातील बारीक अक्षरे वाचली तर तेथे विक्री हा शब्द नसतो. तेथे परवाना असतो. हा परवाना दुसऱ्यास देता येत नाही, विकता येत नाही, मुलाच्या नावे करता येत नाही, आणि कंपनीने खाते बंद केले तर तो संपतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने यासाठी २०२४ मध्ये एक कायदा केला. डिजिटल माल विकताना आपण मालकी देत नसून परवाना देत आहोत हे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असे त्याचे सार आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. स्टीम या कॉम्प्युटर खेळांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने तर त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, तशी सूचना आपल्या पैसे भरण्याच्या पानावर लावली.

ही केवळ कागदी भीती आहे काय? नाही. ॲमेझॉनने २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे विकलेली काही पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रातून परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत दिले, पण एखाद्या पुस्तकविक्रेत्याने रात्री घरात शिरून पुस्तक नेले आणि टेबलावर पैसे ठेवले, तर त्याला आपण काय म्हणू? आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे तर पब्जी मोबाईलचे घ्या. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतात त्याची सेवा थांबली. सरकारचा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा हा की, ज्या मुलांनी घरच्यांचे पैसे घालून त्यात पोशाख आणि बंदुकीचे रंग विकत घेतले होते, त्यांच्या हाती त्या दिवशी काहीच उरले नाही. पुढे तोच खेळ २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने आला, २०२२ च्या जुलैमध्ये दुकानांतून उतरविला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. ज्या मालाचे असे येणे-जाणे असते, त्याला माल कसे म्हणावे?

तर मग डिस्कच चांगली, असे कुणी म्हणेल. तेही पुरते खरे नाही आणि व्यापाऱ्याने अर्धे सत्य सांगू नये. युबीसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये निघाला होता. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांचीही डिस्क निकामी झाली. याच प्रकरणातून युरोपात गिऱ्हाइकांची मोठी चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. निन्टेंडोच्या २०२५ मध्ये आलेल्या नव्या यंत्रासाठी तर अशीही कार्डे निघाली आहेत ज्यांत खेळ नसतो, फक्त खेळ उतरवून घेण्याची किल्ली असते. डबा पाहून फसू नये. डब्यात काय आहे ते वाचावे.

तरीही पूर्ण खेळ ज्या डिस्कवर आहे आणि जो इंटरनेटवाचून चालतो, ती डिस्क एक वस्तू आहे. तिला कब्जा आहे, हस्तांतर आहे आणि जुनी झाली तरी मोल आहे. आपल्या शहरातील हिमरूची शाल आजीकडून नातीकडे जाते, रफू होते, अडचणीत विकलीही जाते. डिजिटल खेळ असा कुणाकडे जात नाही. शिवाय शेंद्र्याच्या मुलांचा एक साधा हिशेब पाहा. आजचे मोठे खेळ शंभर जीबीच्या घरात असतात. ज्याच्या मोबाईलला रोज दोन जीबी डेटा मिळतो, त्याने दुसरे काहीही न पाहता रोजचा सगळा डेटा त्यावर घातला तरी खेळ उतरायला पन्नास दिवस लागतील. ज्याच्या खोलीत वायफाय नाही त्याला डिजिटल खेळ विकणे म्हणजे विहीर नसलेल्यास पोहरा विकण्यासारखे आहे.

डिजिटलचे फायदेही आम्ही नाकारीत नाही. दुकानदारास माल भरून ठेवावा लागत नाही. चाळीस हजारांत नव्या डिस्क आठ-दहाच येतील आणि त्यातील चार पडून राहिल्या तर मामूचे पैसे अडकतील. डिस्कला ओरखडे पडतात, ती चोरीला जाते. सवलतीच्या दिवसांत डिजिटल खेळ निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. लॅपटॉपमध्ये तर आता डिस्क घालण्याची जागाच उरलेली नाही. ज्याच्या घरी चांगले इंटरनेट आहे आणि ज्याला खेळ पुन्हा विकायचा नाही, त्याने डिजिटल घेतले तर त्यात काही चूक नाही.

आता दीनच्या अंगाने पाहू. फिक्हमध्ये बैअ म्हणजे विक्री आणि इजारा म्हणजे वापर भाड्याने देणे, हे दोन वेगळे करार आहेत. दोन्ही जायज आहेत. परंतु एकाचे नाव घेऊन दुसरा करार करणे ही लबाडी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. ‘खरेदी’ या बटणाखाली परवान्याची अट लपविणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच होय. कंपनीने ती अट लपविली म्हणून आपणही लपवावी काय? दुकानदाराचे काम ढीग उलटा करून दाखविण्याचे आहे.

यावरून त्या तरुणाच्या दुसऱ्या बेताकडे येतो. अकाउंट विकण्याचा धंदा आज फार बोकाळला आहे. एकाच अकाउंटवर खेळ घ्यायचा आणि त्याचा पासवर्ड दोघा-तिघांना निम्म्या किमतीत विकायचा. या तरुणाने असे काही पासवर्ड एका घाऊक विक्रेत्याकडून आणून विकले होते. दोन महिन्यांत पासवर्ड बदलले गेले. गिऱ्हाइके त्याच्या दारात आली आणि घाऊकवाल्याने फोन उचलला नाही. त्याने स्वतःच्या खिशातून तिघांचे पैसे परत केले. हे त्याने चांगले केले आणि अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो. पण मुळात तो विकत होता ते त्याचे नव्हतेच. आपल्या ताब्यात नसलेली वस्तू विकण्यास प्रेषितांनी हकीम बिन हिजाम (रजि.) यांना मनाई केली होती. त्या शिकवणीचा अर्थ या व्यवहारात जितका उघड दिसतो तितका क्वचितच दिसत असेल.

नकली मालाबाबतही तेच. पेन ड्राइव्हमध्ये शंभर खेळ भरून देण्यात कमाई आहे, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी, आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या कुवैत अधिवेशनातच लेखन व शोध यांवरील हक्क हे शरीअतने मान्य केलेले हक्क असून त्यांचे उल्लंघन जायज नाही, असा निर्णय दिलेला आहे. डिस्क भाड्याने देण्यातही सावध राहावे. कॉम्प्युटर प्रोग्राम व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क आपल्या कायद्याने हक्कधारकाकडे ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट. पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, असे प्रकार अनेक मोबाईल खेळांत आहेत. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. मुलांना अशा पेट्यांसाठी रिचार्ज विकण्याची कमाई आपल्या गल्ल्यात न आलेली बरी.

मग त्या तरुणास आमचा सल्ला काय? एक, त्याने सर्व पैसे एकाच ठिकाणी घालू नयेत. मामूचे उसने आधी फेडावे आणि उरलेल्या रकमेत चांगल्या स्थितीतील जुन्या डिस्क ठेवाव्यात. नव्या डिस्क आगाऊ रक्कम घेऊन मागणीप्रमाणे आणाव्यात. दोन, डिस्क परत घेण्याची किंमत विक्रीच्या वेळीच पावतीवर लिहून द्यावी. देवघेव लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकरहमध्ये आहेच, आणि लिहिलेल्या शब्दामुळे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. तीन, कंपनीचे अधिकृत कोड जरूर विकावेत, पण विकताना तोंडाने सांगावे की भाऊ, हा परवाना आहे, पुन्हा विकता येणार नाही, आणि तुझ्याकडे इंटरनेट किती आहे ते आधी सांग. चार, अकाउंटचा धंदा आजच बंद करावा. पाच, यंत्र दुरुस्तीचे काम वाढवावे. लोक डिस्क घेवोत की कोड, यंत्राचा पंखा धुळीने भरणारच आणि कंट्रोलरची बटणे झिजणारच. हातातील कसब कोणत्याही कंपनीला परस्पर पुसून टाकता येत नाही.

कुणी म्हणेल, इतके खरे बोलल्यावर धंदा कसा होणार? आमचा अनुभव असा की, कंपनीच्या वसाहतीत बातमी पाळीबरोबर फिरते. सकाळच्या पाळीतील एक मुलगा फसला तर रात्रपाळीपर्यंत सर्वांना कळते. तसेच एका मुलाला खरे सांगितले तर तेही कळते.

या गावाचे नाव शेंद्रा कमंगर असे आहे. फारसीत कमानगर म्हणजे धनुष्य बनविणारा. बंदूक आली आणि धनुष्याचा बाजार संपला. डिस्कचाही बाजार एखाद्या दिवशी संपेल, कदाचित आपल्या डोळ्यांदेखत. ज्याने आपली पत धनुष्यात नव्हे तर आपल्या हातात आणि शब्दात ठेवली असेल, त्याला त्या दिवशी दुसरे काम मिळेल. त्या तरुण बंधूने चाळीस हजार कोठे घालावेत याचे उत्तर वर दिले आहे. पण त्याची खरी पुंजी त्या तिघा गिऱ्हाइकांना परत केलेल्या पैशांत आहे, आणि ती त्याने जपावी.