जमाखर्च वाचून दाखविणारी पिढी हवी

इतिहास विषय घेऊन मी एम. ए. झालो, त्या वर्षीची गोष्ट. आई ग्रामसभेहून परतली आणि तिने मला विचारले, "रजिस्टरवर अंगठा दिला, त्यात काय लिहिलं होतं रे?" मला सांगता आले नाही. मौर्यांची करपद्धती मला तोंडपाठ होती. परंतु स्वतःच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च मी कधी उघडून पाहिला नव्हता. आई विड्या बांधायची. ठेकेदार हजारामागे किती विड्या खराब ठरवितो आणि मजुरी किती कापली जाते, हा हिशेब तिच्या ओठांवर असे. गावाचा हिशेबही तिला कळला असता. तिला कळेल अशा भाषेत तो कोणी सांगितला नव्हता, आणि न सांगणाऱ्यांत मीही होतो.

'गरिबांना राजकारणात रस नसतो' हे सुशिक्षितांचे आवडते वाक्य आहे. आपल्या भागाचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येक मतदाराला दोन मते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ही पद्धत समजून घेतली. कारण वस्तीवस्तीत बसून ती समजावणारे कार्यकर्ते होते, असे आमच्या घरचे वडीलधारे सांगत. मतदारांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे विजय सोपा होईल, हा सल्ला बाबासाहेबांनी मानला नाही, ही हकिकत आजही चळवळीत सांगितली जाते. त्यांचा पराभव झाला. परंतु गरिबाचे मत ही वाया घालविण्याची वस्तू नव्हे, हा धडा मागे राहिला.

पुढे जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी होते अवघे १५. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ते विद्यालय फार काळ चालले नाही. राजकारण हे शिकण्याचे आणि शिकविण्याचे शास्त्र आहे, हा त्यामागील विचार मात्र आपण पुढे नेला नाही. आपण जयंतीची भाषणे वाढविली. ग्रामसभेचे इतिवृत्त वाचायला कोणाला शिकविले नाही.

१९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. दार उघडले, पण उंबरठा उंचच राहिला. विषयपत्रिकेत 'शेष निधी', 'पुनर्विनियोजन', 'प्रशासकीय मान्यता' असे शब्द येतात आणि झाडीबोली बोलणारी बाई गप्प बसते. वेळेचेही तसेच. १ मेच्या सुमारास आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माणसे पहाटेच जंगलात गेलेली असतात. १५ ऑगस्टला अनेक बांधांत रोवणी संपलेली नसते. सकाळी अकराला सभा लावायची आणि मजूर आले नाहीत म्हणून त्यांना उदासीन ठरवायचे, हा न्याय नव्हे.

तथागतांची वचने छांदसात बांधावीत, अशी विनंती काही भिक्खूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली, असे विनयपिटकात आहे. जे सर्वांसाठी आहे ते मूठभरांच्या भाषेत कोंडता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. म्हणजे सभेचे कामकाज ही आपल्याला परकी विद्या नाही. ती आपण विसरलेली विद्या आहे.

म्हणून आपल्या या निवासी शाळेकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. नववीपुढील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रामपंचायतीची विषयपत्रिका व जमाखर्च वर्गात एकदा तरी वाचावा आणि तो आपल्या घरच्या बोलीत लिहून काढावा. माजी विद्यार्थ्यांनी ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी विहारात दोन तास बसून तो वाचून दाखवावा. सभा मजुरांच्या सोयीच्या वेळी घ्यावी, असा लेखी अर्ज गावकऱ्यांच्या सह्यांनिशी द्यावा. मागील इतिवृत्त मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी अंगठा देऊ नये.

शाळेत राजकारण कशाला, असे काही पालक विचारतील. पक्षाचा झेंडा शाळेत नको, हे मलाही मान्य आहे. परंतु गावच्या नळाचा, रस्त्याचा, अंगणवाडीचा पैसा कोठे गेला हे वाचता येणे म्हणजे पक्ष नव्हे, नागरिकत्व होय. जे शिक्षण मुलाला शासनाची भाषा शिकविते, पण ती आईपर्यंत परत नेत नाही, ते घरातच एक नवी भिंत उभी करते. ती भिंत मी उभी केली होती. आई आज नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता तुमच्या मुलांनी आपापल्या घरी द्यावे.

जय भीम!