कुलूप कुणासाठी?

मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितांतले शिंगवाले सैतान दाखवले, की ठरलेलं उत्तर येतं : अडाणी रयतेला भिववून मुठीत ठेवण्यासाठी चर्चने हे बागुलबुवा रंगवले. साक्षीला पोप ग्रेगरींना उभं केलं जातं. इ. स. ६०० च्या सुमारास त्यांनी मार्सेयच्या बिशपला कळवलं होतं, की वाचणाऱ्याला जसं अक्षर, तसं निरक्षराला चित्र.

साक्ष खरी, पण खटला वेगळा. ग्रेगरी बोलत होते चर्चच्या भिंतींबद्दल. भिंत साऱ्या गावाची, पोथी पेटीतली. कातड्याची पानं, सोन्याचा वर्ख, बहुतेक मजकूर लॅटिन. मठ, बिशप आणि सरदार यांच्यापलीकडे ती जाणार कुठे? जे चित्र शेतकऱ्याच्या दृष्टीसच पडलं नाही, ते त्याला भिववणार कसं?

मग भ्यायचं कुणी? बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या विंचेस्टर स्तोत्रपोथीतलं नरकाचं पान पाहा. आ वासलेला जबडा हाच नरक. त्यात कोंबलेल्यांमध्ये मुकुटधारी राजे-राण्या आहेत, टाळू भादरलेले मठवासी आहेत. म्हणजे पोथी उघडणाऱ्यांचेच भाईबंद! चित्रावरची ओळही फ्रेंच, तेव्हाच्या तिथल्या सरदारांची भाषा. आणि दाराला बाहेरून किल्ली लावतोय देवदूत. छळणारे सैतानही आतच. नरकाचे मालक वाटावेत ते तिथले कैदी निघतात.

दुसरा आक्षेप असा, की देवदूत देखणा आणि सैतान काळाकुरूप, एवढंच हे बाळबोध गणित. पुष्कळ पानांवर ते तसं आहेही. पण पंधराव्या शतकाच्या आरंभी लिंबुर्ग बंधूंनी झाँ द बेरी या ड्यूकसाठी रंगवलेल्या, आज शांतिईला असलेल्या प्रार्थनापोथीत बंडखोर देवदूत, म्हणजे उद्याचे सैतान, कोसळताना बघा. शिंगं नाहीत, शेपट्या नाहीत. निळ्या-सोनेरी झळाळीत ते अजून देखणेच. खाली डोकं वर पाय झालेल्या त्यांच्या म्होरक्याच्या, लुसिफरच्या, डोक्यावर मुकुटही शाबूत. वर स्वर्गात आसनं तेवढी रिकामी पडलीत. पाप रूपात नाही, जागा सोडण्यात आहे, हे त्या रिकाम्या आसनांनी सांगितलं. आणि ते सांगितलं फ्रान्सच्या राजाच्या सख्ख्या काकाला.

भिंतीवरच्या नरकाचा जाब चर्चला जरूर विचारा. पोथीतला नरक मात्र पेटीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्यासाठी होता. आत आणखी एक किल्ली होती, आणि ती त्यांच्या हातात नव्हती.