तंत्रगप्पा : पाय डब्यात, सूर बाहेर

तबल्याचा रियाज चालणाऱ्या घरात लेहऱ्याचे यंत्र, नाहीतर मोबाइलवरचे ॲप हल्ली असतेच. अभियांत्रिकी शिकणारी मुले पुढचा प्रश्न विचारतात : रास्पबेरी पाय घेऊन असे यंत्र आपणच का करू नये? जरूर करावे. पण पैसे घालण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

जपानच्या कॉर्ग कंपनीच्या वेव्हस्टेट या सिंथेसायझरच्या पोटात रास्पबेरी पायचे कम्प्यूट मॉड्यूल 3 आहे. कम्प्यूट मॉड्यूल म्हणजे पायचा नुसता मेंदू : प्रोसेसर, मेमरी आणि साठवण. यूएसबी किंवा एचडीएमआयची तोंडे त्यावर नसतात. ती आपल्या बोर्डावर आपण हवी तशी द्यायची. 2014 सालचे पहिले मॉड्यूल लॅपटॉपच्या रॅमच्या पट्टीएवढे होते. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली जोडणी हे बोर्ड आखण्यातले सर्वांत किचकट काम. ते तयार मिळाले, की वाद्य करणाऱ्याला आपले लक्ष आवाजाकडे देता येते.

आता आवाजाचे पाहू. पायच्या जुन्या बोर्डांवर हेडफोनचे भोक आहे, पण त्यामागे खरा डॅक नाही. वेगाने चालू-बंद होणारे स्पंद गाळून तो आवाज काढलेला असतो, म्हणून त्यात खरखर येते. त्याऐवजी पीसीएम5102 सारखी डॅकची चिप आय-टू-एस मार्गाने जोडावी. त्याला मुख्यतः तीनच तारा लागतात : एक ठोक्यांची, एक डावे-उजवे सांगणारी आणि एक प्रत्यक्ष आवाजाची.

यातली ठोक्यांची तार महत्त्वाची. सेकंदाला 48,000 नमुने आणि प्रत्येकाला 64 ठोके धरले, तर 3.072 मेगाहर्ट्झचे घड्याळ हवे. सुरुवातीच्या पाय बोर्डांवरचा स्फटिक 19.2 मेगाहर्ट्झचा. भागाकार येतो 6.25. म्हणजे मधला ठोका कधी 6 मोजून, कधी 7 मोजून द्यावा लागतो. सरासरी बरोबर, पण लय डळमळीत! तबलजी असे करू लागला तर गवई मागे वळून पाहील. उपाय असा, की डॅकच्या बोर्डावर 24.576 मेगाहर्ट्झचा स्वतंत्र स्फटिक बसवायचा. त्याला 8 ने भागले की नेमके 3.072 येतात. ठेका डॅकने धरायचा आणि पायने त्याच्यामागे चालायचे. सीडीच्या 44,100 नमुन्यांसाठी हाच स्फटिक 22.5792 मेगाहर्ट्झचा लागतो.

तिसरी गोष्ट उशिराची. संगणक आवाज गठ्ठ्याने पाठवतो. 1,024 नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंद, 128 चा म्हणजे 2.7. लेहरा वाजवायला मोठा गठ्ठा चालेल. पट्टी दाबून वाजवायच्या वाद्यात मात्र हा उशीर बोटांना जाणवतो, तिथे गठ्ठा लहानच हवा.

आणि वीज. वाद्याचे बटण कोणीही खटकन बंद करतो. संगणकासारखे 'शट डाउन' करत बसत नाही. त्या क्षणी मेमरी कार्डावर काही लिहिले जात असेल, तर पुढच्या वेळी यंत्र सुरूच होणार नाही, आणि ते नेमके कार्यक्रमाच्या दिवशी होईल. म्हणून कार्ड फक्त वाचता येईल असेच ठेवावे. डॅकला वीजही वेगळ्या रेग्युलेटरमधून द्यावी, म्हणजे प्रोसेसरची कुरकुर सुरात उतरत नाही.

मग मॉड्यूल घ्यावे की पूर्ण पाय? घरापुरते एकच यंत्र करायचे असेल तर साधा पाय आणि वर बसणारा तयार डॅक बोर्ड पुरे. दहा-वीस करून विकायची असतील तर मॉड्यूलचा विचार करा, पण दुसऱ्याच्या मेंदूवर आपले वाद्य उभे आहे हे लक्षात ठेवूनच. 2020 साली आलेले कम्प्यूट मॉड्यूल 4 जुन्या खाचेत बसत नाही, आणि पुढची दोन-तीन वर्षे जगभर चिपटंचाईमुळे पाय मिळणेच कठीण झाले होते. घेणाऱ्याला दहा वर्षे दुरुस्ती देण्याचा शब्द देणार असाल, तर सुटी मॉड्यूले आधीच कपाटात असलेली बरी.