दुर्मिळतेचा बाजार आणि सडक अर्जुनीची भिंत

अभिजात 'वेस्टर्न' चित्रपटांची जुनी परदेशी पोस्टरे जमवणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे. काऊबॉयपटाचे मूळ अमेरिकी पोस्टर त्यांना पुरत नाही. त्याच चित्रपटाचे इटालियन, पोलिश किंवा जपानी पोस्टर हवे असते. आपल्याकडचे साहित्याभ्यासक या छंदाला हसतात, पण आक्षेप चुकीच्या जागी घेतात. छंद गंभीर आहे. उथळ आहे ती त्याला लावलेली फूटपट्टी.

ही फूटपट्टी कागदाची आहे. अमेरिकी 'वन शीट' २७ बाय ४१ इंचांचे, इटलीतले 'चार कागदी' पोस्टर १४० बाय २०० सेंटिमीटरचे, घडीच्या खुणा किती, पाठीला कापड लावले आहे का, जगात प्रती किती उरल्या. या साऱ्यावरून किंमत ठरते. वास्तविक ही पोस्टरे टिकण्यासाठी छापलेलीच नव्हती. अमेरिकेत १९४० पासून 'नॅशनल स्क्रीन सर्व्हिस' ही कंपनी चित्रपटगृहांना पोस्टरे पुरवी आणि ती परतही घेई. एकच कागद गावोगाव फिरून फाटून जाई. तेव्हा दुर्मिळता म्हणजे नाशाचा हिशेब. तिला चित्राचा गुण समजणे हा बाजाराचा भ्रम आहे.

परदेशी पोस्टराचे खरे मोल असे की, ते एका समाजाने दुसऱ्याच्या कथेचे केलेले वाचन असते. फ्रेड झिनेमान यांच्या 'हाय नून'मध्ये (१९५२) गॅरी कूपरचा मार्शल गावाने पाठ फिरवल्यावर एकटा उभा राहतो. ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये निवडणूक झाली, तेव्हा तोमाश सार्नेत्स्की यांनी 'सॉलिडॅरिटी'साठी हाच कूपर पोस्टरावर आणला. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली. अमेरिकी सरहद्दीवरचा माणूस पोलिश मतदार झाला. वाचककेंद्री समीक्षेवर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार? मुळात 'वेस्टर्न' हा प्रकारच अशा वाचनांवर जगला. कुरोसावांच्या 'योजिम्बो'वरून (१९६१) सर्जिओ लिओनेंनी 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) केला, आणि आपला 'शोले' (१९७५) याच कुळातला.

इथवर आपले प्राध्यापक आनंदाने मान डोलावतील. पोलंडचे उदाहरण त्यांना चालते. प्रश्न महाविद्यालयाबाहेरच्या भिंतीचा आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीचे उदाहरण घेऊ. मुंबई-कोलकाता महामार्गावर असल्याने या गावाच्या नावाला 'सडक' चिकटली. दुसरी ती अर्जुनी मोरगाव. हा सारा टापू झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा हे या नाटक कंपन्यांचे केंद्र. तिथे प्रयोग ठरतात. मग चौकात, बसथांब्यावर, पानठेल्यावर पोस्टरे लागतात. त्यांवर नाटकाचे व लेखकाचे नाव असते, कंपनी, नटनटी, गाव, तारीख आणि आयोजक मंडळ असते. झाडीपट्टीतल्या अनेक संहिता कधी छापल्याच जात नाहीत. अशा नाटकांचा लेखी पुरावा म्हणून पुष्कळदा हा एवढाच कागद उरतो, आणि प्रयोगानंतर तोही उरत नाही.

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, योग्यच झाले. परंतु ज्या रंगभूमीचा सन्मान झाला तिचा इतिहास उद्या कशावरून लिहायचा? बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चे (१९२४) पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. जे थोडे कळते त्यात अशा कागदांचा वाटा मोठा आहे. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. झाडीपट्टीच्या पोस्टरांसाठी आपल्या किती मराठी विभागांनी एक कपाट तरी राखले आहे?

यावर ठरलेले उत्तर येते: ही पोस्टरे भडक असतात, कलादृष्ट्या सामान्य असतात. असतील. पिस्तूल रोखलेल्या काऊबॉयची पोस्टरे त्यांच्या काळी कोणाला अभिजात वाटत होती? त्यांना प्रतिष्ठा आली ती पन्नास वर्षांनी, बाजाराने भाव दिल्यावर. समीक्षेने बाजाराची वाट पाहायची असेल तर समीक्षेचे काम काय? शिवाय भडकपणा हाही अभ्यासाचाच विषय आहे. मुंबईच्या दूरचित्रवाणीतला चेहरा केव्हा मोठा छापला गेला, स्थानिक नटाचा केव्हा लहान झाला, लेखकाचे नाव कोणत्या कोपऱ्यात गेले, हे त्या रंगांतूनच वाचता येते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रयोग उरकल्यावर पोस्टर उतरवावे. मागे तारीख, गाव आणि भिंत नोंदवावी. एका वहीत क्रमांक द्यावा. आता तर पुष्कळ पोस्टरे फोनवरच फिरतात आणि फोनबरोबरच नाहीशी होतात. त्यांचीही प्रत त्याच दिवशी जपावी. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका हंगामात दहा पोस्टरे आणली तरी पाच वर्षांत तो संग्रह प्रबंधाला पुरेल.

हे केले नाही तर एक दिवस ही पोस्टरेही दुर्मिळ होतील. तेव्हा कोणी संग्राहक त्यांचा भाव सांगेल, आणि त्यांवरचे नाटक काय होते हे सांगणारा कोणी नसेल.