प्रार्थनेतून उठविलेली माणसे

“धर्म निर्मळच असतो, माणसे वाईट असतात, मग माणसांवरचा राग धर्मावर का काढता?” हे वाक्य धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या प्रत्येक कुटुंबाला एकदा तरी ऐकावे लागते. सांगणारा बहुधा सुशिक्षित असतो, शांतपणे सांगतो, आणि म्हणूनच ऐकणारा गोंधळात पडतो. हा युक्तिवाद केवळ आपल्याच देशात चालतो असे नाही. अमेरिकेतील मेथॉडिस्ट ख्रिस्ती पंथात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. तेथे त्याचा निकाल काय लागला, ते आपल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे.

जे मान्य करण्यासारखे आहे ते आधी मान्य करू. पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली हे गुलामगिरीचे कडवे शत्रू होते. 1774 साली त्यांनी तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. 1791 साली मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस आधी विल्बरफोर्स यांना पत्र लिहून या लढ्यात धीर दिला. 1784 साली बाल्टिमोर येथे अमेरिकन मेथॉडिस्ट चर्चची स्थापना झाली, तेव्हा सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियमही झाला. शब्दांत कोठेही कसूर नव्हती.

पण काही महिन्यांतच तो नियम स्थगित झाला. पुढे 1808 साली चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने दक्षिण कॅरोलायना प्रांतासाठी आपल्या नियमग्रंथाच्या एक हजार प्रती निराळ्या काढण्याचे ठरविले. निराळ्या कशा? गुलामगिरीविषयीचा भाग गाळून! वाचकहो, धर्म निर्मळ आणि माणसे वाईट असे म्हणणाऱ्यांनी या हजार प्रती कोणाच्या खाती मांडावयाच्या ते सांगावे. एखाद्या मद्यपी जमीनदाराचे ते कृत्य नव्हते. धर्मसंस्थेने ठराव करून आपलाच नियम आपल्या ग्रंथातून काढला होता. 1844 साली एका गुलाममालक बिशपाच्या प्रश्नावरून हे चर्च दुभंगले व दक्षिणेकडील लोकांनी वेगळी चूल मांडली.

फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमधील प्रसंग याहून बोलका आहे. रिचर्ड ॲलन हे जन्माने गुलाम. स्वतः कमावून त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि ते मेथॉडिस्ट उपदेशक झाले. त्या चर्चमध्ये नवा सज्जा बांधला गेला, तेव्हा काळ्या भाविकांनी पैसा दिला, अंगमेहनतही केली. एका रविवारी ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना एका विश्वस्ताने ॲबसलोम जोन्स यांना ओढून उठविले. ही जागा तुमची नव्हे, असे बजावले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे जोन्स म्हणाले. विश्वस्त थांबला नाही. प्रार्थना आटोपताच सारे काळे भाविक एकजुटीने बाहेर पडले. ॲलन यांनी हा प्रसंग 1787 सालचा म्हणून सांगितला. अनेक इतिहासकार तो काही वर्षे पुढचा मानतात. देवळाच्या पायरीवरून हाकलला गेलेला आपला माणूस हे वाचून तारीख विचारणार नाही.

बाहेर पडलेल्यांनी 1794 साली बेथेल हे स्वतःचे चर्च उभारले. ॲलन यांनी मेथॉडिस्ट श्रद्धा सोडली नाही, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु खरी झुंज पुढेच होती. 1796 सालच्या नोंदणीच्या कागदपत्रांमुळे बेथेलच्या मालमत्तेवर श्वेत धर्माधिकाऱ्यांचा ताबा राहील अशी व्यवस्था होऊन बसली. पैसा, घाम आणि जागा काळ्यांची. किल्ली मात्र दुसऱ्याची! 1807 साली त्यांनी पुरवणी दस्तऐवज करून ती सत्ता परत घेतली. पुढे चर्च लिलावात निघाले, तेव्हा ॲलन यांनी ते स्वतः सोडवून घेतले. श्वेत उपदेशकाला तेथील व्यासपीठ मिळवून देण्याचे पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1816 साली नाकारले, आणि त्याच वर्षी स्वतंत्र आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन होऊन ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. गावोगाव विहारासाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्या मंडळींनी बुद्धमूर्ती ठरविण्याआधी जागेचा दस्त वाचावा, असे मला हे प्रकरण वाचताना वारंवार वाटले.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर ऐका. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे मुंबईतील बिशप बॅडले होते. दुसऱ्याच वर्षी त्याच चर्चच्या परिषदेपुढे दुभंगलेले मेथॉडिस्ट पुन्हा एक करण्याची योजना आली. योजनेत पाच विभाग प्रदेशवार होते, आणि सहावा कातडीच्या रंगावरून! परिषदेतील 47 काळ्या प्रतिनिधींपैकी 36 जणांनी विरोधी मत दिले. योजना तरीही संमत झाली, आणि 1939 साली एकीकरणाच्या उत्सवात ही वेगळी पंगत अधिकृतपणे मांडली गेली. येथे समतेचे आमंत्रण, तेथे रंगाची चौकट. आणि दोन्हींवर एकाच चर्चची मोहोर.

तो सहावा विभाग युनायटेड मेथॉडिस्ट चर्चच्या घटनेतून 1968 साली गेला. श्वेतांना शुद्ध उपरती झाली म्हणून तो गेला असे समजू नये. आत राहिलेल्या काळ्या मेथॉडिस्टांनी तीन दशके भांडून तो घालविला. आणि ज्यांना प्रार्थनेतून उठविले गेले, त्यांचे बेथेल फिलाडेल्फियात सहाव्या रस्त्यावर, ॲलन यांनी घेतलेल्या त्याच जमिनीवर, त्यांच्याच मालकीचे आजही उभे आहे.