चोरीचं सॉफ्टवेअर आठ दिवसांत काढा : शाहूपुरीकरांना कळकळीचं आवाहन

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील व्यापारी, दुकानदार, छपाईवाले, ई-सेवा केंद्रचालक, विद्यार्थी आणि घरोघरच्या बंधू-भगिनींनो,



‘साहेब, घालून देतो की, त्यात काय!’ असं म्हणत खिशातून पेन ड्राइव्ह काढणारा माणूस आपल्यापैकी जवळपास प्रत्येकानं पाहिला आहे. विंडोज, ऑफिस, कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड, हिशेबाचं पॅकेज, सगळं तीन-चारशे रुपयांत. त्याच कॉम्प्युटरवर आपण सकाळी जीएसटीचं पोर्टल उघडतो, दुपारी नेट बँकिंग करतो आणि संध्याकाळी मुलाची फी कार्डानं भरतो.

म्हणून तीन गोष्टींसाठी हे आवाहन. एक, क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना चुकवून चालवलेलं, प्रत्येक सॉफ्टवेअर येत्या आठ दिवसांत काढून टाका. दोन, त्याच्या जागी कायदेशीर आणि एकही पैसा न लागणारं मुक्त सॉफ्टवेअर घाला. तीन, पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका; लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर फिरवा.

क्रॅक घालताना काय होतं

पुढच्या वेळी कुणी क्रॅक घालत असेल तर खुर्ची ओढून शेजारी बसा आणि नीट पाहा. फोल्डरमध्ये सेटअप असतो, क्रॅकची फाइल असते आणि एक छोटी सूचनांची फाइल असते. त्या सूचनांत बहुतेक वेळा सुरुवातीलाच लिहिलेलं असतं : अँटीव्हायरस बंद करा. मग क्रॅकची फाइल ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवली जाते, विंडोज परवानगी विचारतं आणि आपला माणूस ‘होय’ दाबतो. पहारेकऱ्याला घरी पाठवून अनोळखी माणसाच्या हातात गल्ल्याची किल्ली दिली, असाच हा व्यवहार.

त्यानंतर काहीच बिघडलेलं दिसत नाही. सॉफ्टवेअर सुरळीत चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. पण अशा फाइलींतून माहिती चोरणारे प्रोग्रॅम येतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि तुमचं लॉग-इन चालू ठेवणाऱ्या कुकीज ते काही मिनिटांत बाहेर पाठवतात. कुकी हाती लागली की चोराला ई-मेलचा पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. तो थेट तुमच्या नावानं आत बसतो. ई-मेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेणं त्याला सोपं जातं. ‘रेडलाइन’ आणि ‘मेटा’ हे असेच दोन प्रोग्रॅम. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी अमेरिकेसह अनेक देशांच्या यंत्रणांबरोबर त्यांच्या सर्व्हरांवर कारवाई केली. पण या धंद्यात एक दुकान बंद पडलं की दुसरं उघडतं.

दुसरा धोका खंडणीचा. ‘स्टॉप’ नावाच्या खंडणी व्हायरसचा प्रसार तर मुख्यतः क्रॅकमधूनच झाला. सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा तर खतावणी, बिलं, फोटो अशा सगळ्या फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं, एकही उघडत नाही, आणि शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी. मार्चअखेरीस हे झालं तर काय अवस्था होईल, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कोल्हापूरला हे नवं नाही

ऑगस्ट २०१८ आठवा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून चोरट्यांनी व्यवहारांना मंजुरी देणारी समांतर व्यवस्थाच उभी केली. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर.

त्यातले सुमारे ८९ लाख रुपये आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले, ९५ बनावट कार्डं वापरून. सूत्रधार सातासमुद्रापार होते, पण मशीनसमोर कार्ड घेऊन उभे राहणारे हात आपल्याच देशातले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

एवढ्या मोठ्या बँकेची यंत्रणा एका मालवेअरनं पोखरली जाते. मग अँटीव्हायरस बंद करून क्रॅक चालवलेल्या आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरची काय कथा?

काढायचं, मग घालायचं काय?

मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो. ते वापरणं, वाटणं, बदलणं कायदेशीर असतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी विंडोजसारख्या यंत्रणेचा गाभा असलेलं लिनक्स आणलं, आणि आज जगातले बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात. केरळातल्या सरकारी शाळांनी अनेक वर्षांपूर्वीच हा मार्ग धरला. आपल्या सी-डॅकनंही ‘बॉस’ ही लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली आहे.

पेठेपुरतं बोलायचं तर :

ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस घ्या. पत्रं, तक्ते, पीडीएफ सगळं होतं, मराठीतही चालतं. फलक आणि पत्रिका करणाऱ्यांसाठी इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस आहेत. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आणि युनिकोड आहेत. वर्कशॉपच्या ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड. फाइली बांधायला-सोडायला सेव्हन-झिप, व्हिडिओसाठी व्हीएलसी, पासवर्ड जपायला कीपासएक्ससी. ब्राउझर फायरफॉक्स, आणि त्यात फसव्या जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कोरलड्रॉच्या जुन्या फाइली इंकस्केपमध्ये जशाच्या तशा उघडतीलच असं नाही; त्या आधी पीडीएफ करून ठेवा. टॅलीवर सगळा जीएसटी उभा असेल तर टॅलीचा रीतसर परवाना घ्या; लाखोंची उलाढाल करणाऱ्या पेढीला तो खर्च जड नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जो जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही, तो भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स मिंट घाला आणि तो फक्त बँकेच्या कामाला ठेवा : त्यावर पेन ड्राइव्ह नाही, गेम नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. घालण्यापूर्वी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, मशीनमधल्या कशालाही धक्का न लावता.

मुक्त सॉफ्टवेअरला कोणी हात लावत नाही, असंही समजू नका. मार्च २०२४ मध्ये लिनक्सबरोबर येणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या घटकात कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेनं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं माग काढला. कोड खुला होता म्हणून त्यांना तळापर्यंत जाता आलं, आणि बहुतेक वापरकर्त्यांपर्यंत पोचण्याआधीच तो दरवाजा बंद झाला. क्रॅकच्या फाइलीत असं डोकावायला कोणालाच वाव नसतो.

आणि हो, मुक्त सॉफ्टवेअरच्या नावानंही जाळी टाकली जातात. २०२२ मध्ये गिंपच्या नावाची खोटी जाहिरात सर्चमध्ये सर्वांत वर दिसत होती. क्लिक करणाऱ्याला मालवेअर मिळत होतं. म्हणून जाहिरातीवर क्लिक न करता मूळ संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, सेव्हन-झिप डॉट ऑर्ग.

साफसफाईचा क्रम चुकवू नका

आधी फक्त आपला डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. सेटअपच्या फाइली घेऊ नका. मग डिस्क फॉरमॅट करून सिस्टिम नव्यानं घाला. सगळे पासवर्ड त्यानंतरच बदला, तेही स्वच्छ मशीनवरून, आणि ई-मेलमध्ये जाऊन ‘सर्व ठिकाणांहून लॉग-आउट’ करा. आजारी कॉम्प्युटरवर बदललेला पासवर्ड चोरालाच कळवला जातो. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. जोडलेली डिस्क खंडणी व्हायरस सोडत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे व्हायरस काढण्याची मोफत साधनं आहेत, तीही वापरा.

फोनवरची लग्नपत्रिका

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, ई-चलान, बँकेची केवायसी किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. दाबली की फोन विचारतो, अज्ञात स्रोताकडून अ‍ॅप घालू का? आपण हो म्हणतो. मग ते अ‍ॅप मेसेज वाचण्याची परवानगी मागतं. इथे ओटीपी गेला! पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ. एपीके आली तर पाठवणारा सख्खा मेहुणा असला तरी उघडू नका. त्याला फोन करून सांगा, कदाचित त्याचाच फोन ताब्यात गेला असेल.

‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क घाला’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा; त्या अ‍ॅपमधून तुमचा फोन त्याला दुरून हाताळता येतो. रिझर्व्ह बँकेनं याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. दुकानदारांनी गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबून माल देऊ नये. ‘पैसे गेले’ दाखवणारी खोटी अ‍ॅप फिरत आहेत. आपल्या खात्यात जमा झालं का तेवढंच पाहा. दुकान उघडताना आपल्या क्यूआरवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, तेही तपासा.

कार्ड

बँकेचं अ‍ॅप उघडा आणि कार्डाच्या पानावर जा. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि स्पर्शानं होणारे व्यवहार सुरू-बंद करण्याची, मर्यादा घालण्याची सोय बँकांनी देणं रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून बंधनकारक केलं आहे. परदेशी व्यवहार बंद करा, बाकीच्यांना गरजेपुरती मर्यादा घाला. कार्ड पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात नजरेआड देऊ नका. मशीन आपल्याजवळ मागवा. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा असतो, तो पाहूनच लॉग-इन करा.

पैसे गेले तर

लगेच १९३० वर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसा ज्या खात्यात पोचला असेल तिथे गोठवता येतो. चोर मात्र तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवत असतो, म्हणून घरच्यांना विचारण्यात गेलेला अर्धा तासही महाग पडतो. मग बँकेला कळवा, कार्ड बंद करा आणि शाहूपुरी पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला : दोष तुमचा नसेल, बँकेचाही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असाच नियम लागू झाला. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. दोन्ही बाबतींत उशीर तुमच्याच अंगावर येतो.

तरुणांना विशेष विनंती

‘तुझं खातं महिनाभर दे, टक्केवारी देतो’ म्हणणारे कॉलेजच्या कट्ट्यावर येतात. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. कॉसमॉसच्या प्रकरणात शिक्षा झाली ती पैसे काढणाऱ्या आणि पोचवणाऱ्या हातांनाच. खातं, सिम कार्ड, एटीएम कार्ड कुणालाही भाड्यानं देऊ नका.

आता कामाला लागा

१८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ शब्द आणि पत यांवर वाढली. आज ती पत कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भावांनो, गिऱ्हाइकानं मागितलं तरी क्रॅक घालू नका. लिनक्स आणि लिब्रेऑफिस घालून द्या आणि त्या कामाची मजुरी हक्कानं घ्या. गिऱ्हाइकांनो, ती मजुरी घासाघीस न करता द्या. तरुण मंडळांनो, गणपतीच्या देखाव्याइतकीच मेहनत एका रविवारी गल्लीतल्या ज्येष्ठांचे फोन तपासायला घ्या : अनोळखी अ‍ॅप काढा, कार्डाच्या मर्यादा लावून द्या, १९३० नंबर ‘सायबर’ या नावानं सेव्ह करा.

मुदत आठ दिवसांची. सुरुवात ज्या कॉम्प्युटरवर बँक उघडता त्याच्यापासून, आणि आजच.

आपला,
एक शाहूपुरीकर