दीड तासांचे नागपूर

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे. जेट विमानाला ते कापण्यास साधारण दीड तास लागतो. रेल्वेमार्गाने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते आणि गाडीगणिक अकरा ते पंधरा तास घेते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला, मात्र दुचाकी आणि रिक्षा यांना तेथे मज्जाव आहे. भूगोल एकच, पण प्रवाशाच्या खिशाप्रमाणे नागपूर जवळ येते किंवा दूर जाते.

विमानाच्या दीड तासाबद्दलही भाबडेपणा नको. विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगा, सामानाची प्रतीक्षा हे सारे धरले तर चार-पाच तास सहज मोडतात. जमिनीवरचा हा वेळ अंतर घटले म्हणून घटत नाही. त्यामुळे तीनशे-चारशे किलोमीटरच्या पल्ल्यावर चांगली रेल्वे विमानाला भारी पडते. नेमके हेच साधे गणित ‘उडान’ योजना आखताना नजरेआड झाले असावे. २०१६ साली जाहीर झालेल्या या योजनेत तासाभराच्या प्रवासाला प्रारंभी २,५०० रुपयांची मर्यादा होती, तीही ठरावीक आसनांपुरती. तूट भरून देण्याची जबाबदारी शासनाने पत्करली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही, आणि तीन वर्षांची सवलत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये तग धरून होते ते अवघे ५४.

म्हणून विमानसेवेला सरसकट विरोध करणे पोरकटपणाचे ठरेल. विदर्भातील अत्यवस्थ रुग्णाला मुंबईस हलवायचे असेल तर त्या दीड तासाचे मोल कोण नाकारील? एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईला विमान सुटू लागले, त्याचेही स्वागतच आहे. प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

भामरागड नागपूरपासून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे; म्हणजे मुंबईच्या हवाई अंतराच्या निम्मे. तेथील आदिवासी माणसाला नागपूर गाठण्यात अख्खा दिवस मोडतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. या दिवसभराच्या तासांची किंमत कोणत्याही प्रकल्प-अहवालात मांडली जात नाही, कारण मजुराच्या बुडालेल्या रोजाला तेथे रकाना नसतो. विमानप्रवाशाच्या वाचलेल्या तासाचे मात्र रुपयांत मूल्यमापन होते.

१९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते आणि मंत्रिगण दीड तासात तेथे उतरतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांकरवी या अधिवेशनात एवढी माहिती मागावी : गडचिरोली जिल्ह्यातील किती गावांना बारमाही एसटी आहे, किती पूल अपुरे आहेत, आणि त्यांवर वर्षाला किती खर्च होतो. शेजारीच राज्यातील विमानतळांवरील खर्चाचा आकडाही मागावा.